तीच पदे, सोळा वर्षांनी

आपल्या या पत्रिकेत संगीतावर जे लेखन येते ते बहुधा ख्यालगायन, नाट्यपदे आणि कीर्तन यांच्या परिघात राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी जे गाठोडे सोबत आणले त्यात हेच होते. आज मात्र मी वाचकांना जरा दूरच्या गावी नेणार आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या ख्रिस्ती भक्तिसंगीताचे, म्हणजे ज्याला तिकडे ‘गॉस्पेल’ म्हणतात त्या गायनाचे, एकाच गायिकेचे दोन संग्रह हा आजचा विषय आहे. पहिला १९५६ सालचा, दुसरा १९७२ सालचा. गायिकेचे नाव आरेथा फ्रँकलिन. विषय परका वाटला तरी त्यातला प्रश्न परका नाही, असे मला वाटते. तो प्रश्न असा : घरातून बाहेर पडलेले, बाजारात फिरून आलेले, अनेक रंग अंगाला लागलेले गाणे जेव्हा पुन्हा देवघरात येते, तेव्हा ते तेच गाणे असते का?

प्रथम थोडी कबुली देतो. हे दोन्ही संग्रह मी उलट्या क्रमाने ऐकले. निवृत्तीनंतर जावयांनी दुसऱ्या संग्रहाची तबकडी दिली आणि कित्येक महिने मी तीच ऐकत होतो. पहिला संग्रह हाती आला तो बराच नंतर. तो ऐकल्यावर माझे पहिले मत असे झाले की खरी भक्ती इथे आहे. दुसऱ्या संग्रहात कौशल्य आले, गर्दी आली, पण निरागसता गेली. हे मत मी घरातही ठासून मांडले. पुढे ते मला बदलावे लागले. कसे व का, तेच या लेखात सांगायचे आहे.

‘गॉस्पेल’ या शब्दाचा अर्थ शुभवर्तमान. पण संगीताचा प्रकार म्हणून हे नाव रूढ झाले ते विसाव्या शतकात, आणि त्याचे बरेचसे श्रेय शिकागोच्या थॉमस डॉर्सी यांना दिले जाते. डॉर्सी हे धर्मोपदेशकाचे पुत्र. परंतु उमेदीच्या काळात ते ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवीत व गात असत. ब्लूज म्हणजे रात्रीच्या मैफलींचे, मद्यगृहांचे, विरहाचे आणि कधी उघड शृंगाराचे गाणे. १९३२ साली बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. त्या दुःखात त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचले. देवाला हात धरून पुढे नेण्याची विनवणी करणारे हे गीत पुढे त्या समाजाच्या ओठी असे बसले की १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सन यांनी तेच गायले. डॉर्सींच्या रचनांत ब्लूजची वळणे होती, म्हणून प्रतिष्ठित चर्चांनी आरंभी त्यांना दारातच अडविले. म्हणजे ज्याला आपण आज शुद्ध भक्तिगीत समजतो त्याच्या जन्मातच बाजार आणि देवघर यांची सरमिसळ होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. हे संगीत स्थलांतरितांचे आहे. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून उत्तरेला व पश्चिमेला गेली. शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस येथे त्यांनी जी चर्चे उभारली ती उपासनेपुरती नव्हती. गावाकडची बोली, गावाकडचे सूर आणि गावाकडची माणसे भेटण्याचे ते एकमेव ठिकाण होते. आपल्या पूर्वजांनी परमुलखात गणेशोत्सव आणि भजनी मंडळे का चालविली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आरेथा यांचा जन्म २५ मार्च १९४२ रोजी मेम्फिस येथे झाला. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन मूळचे मिसिसिपीचे. १९४६ साली ते डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक झाले. त्यांची प्रवचने इतकी प्रसिद्ध होती की त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघत. बोलता बोलता त्यांचे प्रवचन गाण्यात शिरे. आपल्याकडच्या कीर्तनकारांचा पूर्वरंग-उत्तररंग ज्यांनी ऐकला आहे त्यांना याची कल्पना सहज येईल. आई बार्बरा याही उत्तम गात. परंतु आरेथा सहा वर्षांची असताना त्या वेगळ्या होऊन बफेलो येथे राहू लागल्या आणि १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलीला तेव्हा दहावे वर्षही पुरे झाले नव्हते. घरी महेलिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड यांच्यासारख्या थोर गायिकांचे येणे-जाणे असे. एका नातलग स्त्रीच्या अंत्यविधीत क्लारा वॉर्ड गाता गाता इतक्या भारावल्या की त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर भिरकावली. तो प्रसंग पाहून आपणही गायिकाच व्हावे असे वाटल्याचे आरेथा पुढे सांगत. जेम्स क्लीव्हलँड हा तरुण संगीतकारही त्या काळी न्यू बेथेलमध्ये होता आणि त्याच्या पियानोवादनाचा संस्कार या मुलीवर झाला.

पहिला संग्रह ‘सॉन्ग्ज ऑफ फेथ’ १९५६ सालचा. ध्वनिमुद्रण न्यू बेथेल चर्चमध्येच झाले आणि ते केले हेस्टिंग्ज स्ट्रीटवरील मुद्रिकांचे दुकानदार जो वॉन बॅटल यांनी. गाणारी मुलगी चौदा वर्षांची. पियानोही तीच वाजवते. यंत्रसामग्री साधी, आवाज मधून मधून फाटतो, पाठीमागे उपासकांचे हुंकार आणि उद्‌गार सतत ऐकू येतात. पदे सर्व परंपरेतली. अठराव्या शतकातील इंग्रज कवी विल्यम कूपर यांचे एक स्तोत्र आहे, डॉर्सींचे ‘प्रेशस लॉर्ड’ आहे, ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ आहे, आणि ‘द डे इज पास्ट अँड गॉन’ हे संध्याकाळचे स्तोत्र आहे.

या मुलीचा आवाज ऐकताना पहिल्या क्षणी धक्का बसतो. चौदाव्या वर्षीचा गळा असतो तितका कोवळा तो नाही. वरच्या सप्तकात ती बेधडक जाते आणि तिथे थांबते. एका अक्षरावर पाच-सहा स्वर फिरवून ती पुन्हा मूळ जागी येते, पण त्या फिरण्यात शोभेची हौस नाही. श्वास जितका वेळ पुरेल तितका वेळ त्या शब्दापाशी राहावे, इतकीच ओढ आहे. ‘प्रेशस लॉर्ड’ दोन भागांत आहे. दुसऱ्या भागापर्यंत श्रोते इतके तापलेले असतात की गाणे तिचे की त्यांचे हे सांगता येत नाही. आईविना वाढलेली मुलगी हात धरण्याची विनवणी करते आहे हे आपण जाणतो, म्हणून आपले काळीज हलते. इथे मात्र समीक्षकाने सावध राहायला हवे. आपल्याला ठाऊक असलेले चरित्र आपण गाण्यात ओतत तर नाही ना, असे मी स्वतःला वारंवार विचारले.

त्यासाठी मी ती ध्वनिमुद्रिका क्लारा वॉर्ड यांच्या गायनाशी ताडून पाहिली. तेव्हा दिसले की ‘निरागसता’ म्हणून मी ज्यावर लुब्ध झालो होतो त्यात अनुकरणाचा भाग मोठा आहे. शब्द ओढण्याची तऱ्हा, स्वर तोडून मध्येच थबकणे, शेवटी कण्हल्यासारखा उतरणारा सूर, हे सारे थोरांचे आहे. मुलीने ते ऐकले, मनोमन साठविले आणि जसेच्या तसे देवापुढे ठेवले. यात कमीपणा काहीच नाही. परंपरा अशीच चालते. पण ते तिचे स्वतःचे अजून झालेले नव्हते, आणि ज्या मतावर मी अडून बसलो होतो त्याचा पहिला टवका इथे उडाला.

पुढील सोळा वर्षांचा इतिहास थोडक्यात असा. १९६० मध्ये आरेथा कोलंबिया कंपनीत गेल्या आणि जॅझ व लोकप्रिय गाणी गाऊ लागल्या. १९६७ च्या आरंभी अटलांटिक कंपनीत जेरी वेक्सलर यांच्याकडे त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी ‘रिस्पेक्ट’ या गीताने त्या देशभर पोहोचल्या. (चौदा वर्षांच्या मुलीला मी ‘ती’ म्हणालो, आता ‘त्या’ म्हणणेच योग्य.) चर्चमधून लौकिक संगीताकडे जाणाऱ्यांकडे त्या समाजात संशयाने पाहिले जाई. सॅम कुक यांनी १९५७ मध्ये तेच केले तेव्हा त्यांच्या पूर्वीच्या श्रोत्यांपैकी अनेक जण दुखावले होते. त्यामुळे १९७२ मध्ये, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, आरेथा यांनी दुसरा भक्तिसंग्रह चर्चमध्येच मुद्रित करण्याचे ठरविले, तेव्हा तो निव्वळ व्यवसायाचा निर्णय नव्हता. अनेकांच्या मनातल्या एका आरोपाला ते उत्तर होते.

‘अमेझिंग ग्रेस’ १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्रींत लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये मुद्रित झाला. ही वास्तू पूर्वी चित्रपटगृह होती. सूत्रधार म्हणून तेच जेम्स क्लीव्हलँड होते. आता ते गॉस्पेलचे आचार्य झाले होते. सोबत सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर हा मोठा गायकवृंद आणि त्याचे संचालक अलेक्झांडर हॅमिल्टन. वाद्यमेळात कॉर्नेल डुप्री, चक रेनी, बर्नार्ड पर्डी हे कसलेले वादक होते, म्हणजे जे आरेथा यांच्या लौकिक गाण्यांना साथ करीत तेच. दुसऱ्या रात्री वडील आले, क्लारा वॉर्ड आपल्या आईसह पहिल्या रांगेत बसल्या. श्रोत्यांत रोलिंग स्टोन्सचे मिक जॅगरही होते. आरेथा तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. जूनमध्ये दोन तबकड्यांचा हा संग्रह निघाला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या.

दोन्ही संग्रहांत दोन पदे समान आहेत आणि तुलनेचा खरा आधार तीच आहेत.

पहिले ‘प्रेशस लॉर्ड’. दुसऱ्या संग्रहात ते एकटे येत नाही. कॅरोल किंग यांचे १९७१ सालचे ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ हे लोकप्रिय मैत्रीगीत आणि डॉर्सींचे पद एकमेकांत विणले आहे. प्रथम ऐकताना मला हे खटकले होते. अभंगात सिनेमाचे कडवे घुसवावे तसे वाटले. पण नीट ऐकल्यावर लक्षात येते की दोन्ही गीतांची मागणी एकच आहे : मी हाक मारीन तेव्हा कोणीतरी यावे. एका गीतात तो मित्र आहे, दुसऱ्यात परमेश्वर. गायकवृंद एक धागा धरून ठेवतो, त्या दुसऱ्याकडे जातात आणि परत येतात. हळूहळू मित्र कोण हा प्रश्नच उरत नाही. चौदाव्या वर्षी मुलीने एकटीने हात पुढे केला होता. इथे हात धरणारी माणसेही शेजारी उभी आहेत. डॉर्सींनी ब्लूजची वळणे देवघरात आणली होती, हे मी वर सांगितले. मग त्यांच्या पदात चाळीस वर्षांनी नव्या काळाचे गीत मिसळले तर ती परंपरेची मोडतोड म्हणायची की परंपराच, हे वाचकांनी ठरवावे.

दुसरे पद ‘नेव्हर ग्रो ओल्ड’. जिथे कोणी म्हातारे होत नाही अशा देशाचे हे गीत. १९५६ मध्ये हे गाणाऱ्या मुलीला म्हातारपण म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती ते पद थोरांसारखे गाते आणि थोर माणसे तिला दाद देतात. १९७२ मध्ये, दुसऱ्या रात्री, वडिलांनी श्रोत्यांशी संवाद साधला. मुलगी चर्चमध्ये परत आली असे लोक म्हणतात, पण ती चर्च सोडून कधी गेलीच नव्हती, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच रात्री आरेथा पियानोशी बसल्या आणि त्यांनी हे पद घेतले. दोन्ही रात्रींचे चित्रीकरण सिडनी पोलॅक यांनी केले होते, परंतु चित्र आणि ध्वनी जुळविण्यासाठी लागणाऱ्या खुणा न केल्यामुळे ते कित्येक वर्षे पडून राहिले. पुढे आरेथा यांनीही त्याच्या प्रदर्शनाला हरकत घेतली. त्यांच्या निधनानंतर, १६ ऑगस्ट २०१८ नंतरच, तो चित्रपट लोकांसमोर आला. त्यात एक दृश्य आहे. त्या गात असताना वडील पुढे येतात आणि रुमालाने मुलीच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. त्या गाणे थांबवीत नाहीत, मान वर करीत नाहीत. हे दृश्य पाहिल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.

परंतु दृश्य बाजूला ठेवून केवळ ध्वनी ऐकला तरी फरक स्पष्ट आहे. पहिल्या संग्रहातील ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ थेट चढत जाते. दुसऱ्या संग्रहात लयीला घाई नाही. पियानोचे एखादे स्वरगुच्छ वाजते, मग शांतता, मग एक शब्द. ज्याला आपण ‘जागा’ म्हणतो त्या जागा आता त्यांच्या स्वतःच्या आहेत. कुठे थांबायचे हे कोणाकडून घेतलेले नाही. विशेष म्हणजे एवढा मोठा गायकवृंद आणि वाद्यमेळ हाताशी असताना या पदासाठी त्या पुन्हा पियानोशी बसल्या, जशा त्या चौदाव्या वर्षी बसल्या होत्या.

‘अमेझिंग ग्रेस’ हे शीर्षकपद जवळजवळ अकरा मिनिटांचे आहे. ते लिहिणारे जॉन न्यूटन हे इंग्रज धर्मोपदेशक एके काळी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचे कप्तान होते. ज्यांच्या पूर्वजांना अशा जहाजांतून आणले गेले त्या समाजाने हेच पद आपले मानावे, यात क्षमेचा आणि दुःखाचा जो गुंता आहे तो शब्दांत मावणारा नाही. न्यूटन यांचे हे स्तोत्र आणि पहिल्या संग्रहातील कूपर यांचे स्तोत्र ही दोन्ही ऑल्नी येथील १७७९ च्या एकाच स्तोत्रसंग्रहातली आहेत. म्हणजे दोन्ही वेळा गायिकेने एकाच विहिरीचे पाणी काढले आहे. काढण्याची रीत मात्र बदलली. ‘अमेझिंग ग्रेस’ची चाल इथे ओळखू येईल इतकीच ठेवली आहे. ठरावीक ताल नाही. विलंबित ख्यालात गवई जसा एकेक स्वर पारखत पुढे जातो तसे एकेका अक्षरावर थांबणे आहे. चित्रपटात दिसते की हे पद चालू असताना जेम्स क्लीव्हलँड यांना रडू आवरत नाही. ज्याने त्या मुलीला लहानपणापासून ऐकले होते त्याचे ते रडणे मला कोणत्याही समीक्षेपेक्षा अधिक बोलके वाटते.

दुसरा संग्रह निर्दोष आहे असे मात्र नाही. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या संगीतनाटकातले गीत गायिकेने आपलेसे करण्याचा पुष्कळ यत्न केला, तरी त्याचा नाटकी डौल पुरता जात नाही. दोन-तीन जलद पदांत ठेक्याचा आनंद इतका वरचढ होतो की शब्द मागे पडतात. शिवाय मुद्रिकेवरचा क्रम हा प्रत्यक्ष कार्यक्रमाचा क्रम नाही. १९९९ मध्ये दोन्ही रात्रींचे संपूर्ण ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले तेव्हा कळले की पहिल्या रात्री आरेथा यांनी आरंभ केला तो मार्व्हिन गे यांच्या १९७१ सालच्या ‘होली होली’ या नव्या गीताने. मुद्रिकेच्या आरंभी मात्र ‘मेरी, डोंट यू वीप’ हे जुने पद ठेवले आहे. निर्मात्यांनी आधी जुने दाखवून मग नवे दाखविले. गायिकेने उलट केले होते. तिला आपले नवेपण लपवावेसे वाटले नव्हते, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

आणि पहिल्या संग्रहात असे काही आहे जे दुसऱ्यात नाही, हेही मान्य करायला हवे. तिथे कोणी ऐकायला आलेले नव्हते. आले होते ते उपासनेला. न्यू टेंपलमध्ये छायाचित्रणाचे दिवे होते, दूरदूरचे नामवंत होते, लोकांनी काय पाहायला यायचे हे ठरलेले होते. न्यू बेथेलमधल्या हुंकारांत जो सहजपणा आहे तो लॉस एंजेलिसच्या टाळ्यांत क्वचितच येतो. त्या एकांताची किंमत चुकवूनच दुसरा संग्रह मोठा झाला.

आम्हा माळव्यातल्या मंडळींना या संदर्भात कुमार गंधर्वांची आठवण होणे अपरिहार्य आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी आणि सभागृहे थक्क होत. १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमारजी देवासला आले, काही वर्षे त्यांचे गाणे बंदच होते, आणि त्या मौनानंतर जे गाणे आले ते कोणाचेही नव्हते, त्यांचे होते. माळव्यातल्या लोकगायकांची निर्गुणी भजने त्यांनी आपल्या गळ्यातून पुन्हा जन्माला घातली. विद्यार्थिदशेत इंदुरात ती ऐकली तेव्हा आमच्या घरातले एक वडीलधारे म्हणाले होते की हे काही खरे भजन नव्हे. मी तेव्हा त्यांच्याशी कडकडून भांडलो होतो. पुढे साठी ओलांडल्यावर मी स्वतःच तसे म्हणू लागलो, हे माझ्या ध्यानात यायला एका परदेशी गायिकेच्या दोन तबकड्या लागाव्या, याला काय म्हणावे!

कारण मूळ गोष्ट घरातलीच आहे. माझी नात परदेशात वाढते. तिच्या पणजीकडून, माझ्या आईकडून, आलेला एक अभंग ती पियानोवर बसून म्हणते. उच्चार तिकडचे, चाल थोडी बदललेली, मध्येच तिने ऐकलेल्या कुठल्याशा इंग्रजी गाण्याची वळणे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी फोनवर काहीच बोललो नाही, आणि माझे न बोलणे मुलीला बरोबर कळले. ‘बाबा, ती तेच म्हणते आहे,’ एवढेच ती म्हणाली. आरेथा यांच्याविषयी मी जे मत ठासून मांडत होतो, ते मुळात या मुलीविषयीचे होते.

शेवटी एक गोष्ट सांगतो, जी माझ्या जुन्या नोकरीमुळे मला जरा जास्तच टोचली. हेस्टिंग्ज स्ट्रीट, जिथे ते ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते आणि जिथे तेव्हाचे न्यू बेथेल चर्च उभे होते, तो सारा भाग पुढे महामार्गासाठी पाडण्यात आला. चर्च १९६३ मध्ये दुसऱ्या रस्त्यावर, एका जुन्या चित्रपटगृहाच्या इमारतीत गेले. भूसंपादनाच्या कागदांवर मीही काही वर्षे सह्या केल्या आहेत. अशा नकाशावर एक रेघ ओढली की काय काय जाते हे मला ठाऊक आहे. म्हणजे १९७२ मध्ये आरेथा यांना जिथे परतायचे होते ते घर मुळी जागेवर नव्हते. त्या परतल्या त्या तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या, स्थलांतरितांनीच उभारलेल्या दुसऱ्या एका चर्चमध्ये, आणि सोबत नेली ती फक्त पदे. १९८७ मध्ये त्यांनी तिसरा भक्तिसंग्रह डेट्रॉइटला, न्यू बेथेलमध्येच मुद्रित केला. बहिणी सोबत होत्या, आदरणीय पाहुणे होते, भाषणेही झाली. पण तो या दोहोंच्या जवळ पोहोचत नाही असे माझे मत आहे. पत्ता बरोबर असला म्हणजे घर सापडतेच असे नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. ‘सॉन्ग्ज ऑफ फेथ’ प्रत्येकाने ऐकावा. त्यात थोरांकडून मिळालेले देणे एका मुलीने किती इमानाने सांभाळले ते दिसते. पण दोहोंत श्रेष्ठ दुसराच. कारण सोळा वर्षांत जे जे ऐकले, भोगले, गायले ते काहीही दाराबाहेर न ठेवता ती गायिका आत आली, आणि तीच पदे तिने पुन्हा म्हटली. ऐकायचे असल्यास आधी पहिला आणि मग दुसरा ऐकावा, आणि दोन्ही वेळा ‘नेव्हर ग्रो ओल्ड’पाशी थांबावे. मी उलट क्रमाने ऐकले आणि फार दिवस चुकत राहिलो.

नातीला मी गेल्या महिन्यात फोन करून तो अभंग पुन्हा म्हणायला सांगितला. एका ओळीत तिने अजूनही शब्द चुकविला. तो मी दुरुस्त केला. चालीला हात लावला नाही.